मनीऑर्डरच्या खिडकीशेजारची भिंत

प्रति,
मा. केंद्रीय दळणवळण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,
सप्रेम नमस्कार.

कोकणातल्या एका तालुक्याच्या गावातून लिहितोय. गावाचं नाव मुद्दामच देत नाही. दिलं की ‘स्थळपाहणी करण्यात येईल’ असं उत्तर येतं आणि विषय फाइलीत जातो.

आमचं जुनं पोस्ट जांभ्याचं, मंगलोरी कौलांचं. कौलं गळायला लागली म्हणून कार्यालय बाजारातल्या गाळ्यात हललं. आता कोणी म्हणतं इमारत पाडणार, कोणी म्हणतं रंगवून भाड्याने देणार. दाराशी लाल पेटी अजून आहे. तिच्यावर ‘पत्रे टाकू नयेत’ असा कागद चिकटवलाय. लोक टाकतात ते टाकतातच.

आत डाव्या हाताला मनीऑर्डरची खिडकी. तिच्या शेजारच्या भिंतीवर, बाईमाणसाच्या खांद्याच्या उंचीला, जांभळट डागांचा पट्टा आहे. पोस्टमन घरी यायचाच, पण त्याची वाट बघण्याइतका धीर कोणाला? फॉर्मवर अंगठा उठवला की बोट पुसायचं कुठे? लुगड्याला लागलं तर डाग जात नाही. म्हणून भिंतीला.

१८८० मध्ये पोस्टाने मनीऑर्डरचं काम हाती घेतलं आणि पुढे मुंबईच्या गिरण्यांतल्या चाकरमान्यांनी तिच्यावर कोकण जगवलं. घरचं भात शिमग्यापर्यंत पुरलं तर पुरलं; त्यापुढे खिडकी. फॉर्मच्या खालच्या कुपनावर दोन ओळी लिहायची सोय होती. माझ्या वडिलांनी आजीला त्यात कधी खुशाली कळवली नाही. ‘बैलाला पेंड घाल’ एवढंच.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात वडीलही. त्या वर्षी आजी दर महिन्याला पोस्टात जाऊन बाकावर बसायची. मास्तर मान हलवायचे. ती उठायची नाही. ‘दुपारच्या एस्टीने थैली यायची आहे ना,’ म्हणायची.

महोदय, २०१३ मध्ये तार बंद झाली, आम्ही कुरकुरलो नाही. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात गेलं, तेही मानलं. मुंबईचं जीपीओ १९१३ चं, विजापूरच्या गोलघुमटाची आठवण देणारं. त्याला कोणी हात लावणार नाही, लावूही नये. पण पैसे मुंबईत भरले जायचे आणि इथे हातात पडायचे. एकाच मनीऑर्डरचं तिकडचं टोक वारसा आणि इकडचं टोक मोडकळीला आलेलं बांधकाम, हा हिशेब मला जमत नाही.

गावचे सुतार सांगतात, वासे-रिपा गेल्यात, भिंती ठणठणीत आहेत. त्यांच्यावर विश्वास नसेल तर आपला अभियंता पाठवा, पण त्याचा अहवाल नगरपंचायतीच्या फलकावर लावा. दुरुस्ती झाली तर पोस्ट परत तिथेच आणा. गाळ्यात म्हाताऱ्या पेन्शनरांना बसायला बाकही नाही.

दिल्लीत निर्णय व्हायचा तेव्हा होवो. मिरगाआधी कौलं तेवढी परतून घ्या. आणि गेल्या आठवड्यात रंगारी माप घेऊन गेलाय, त्याला निरोप द्या की खिडकीजवळची ती भिंत सोड.

आपला,
या पोस्टातला एक जुना खातेदार