शनिवारच्या स्लॅबआधी

नौपाडा, ठाणे
बुधवार, रात्री

चि. मनू,

परवा मी ताट सारून उठलो, ते चुकलंच. आज्जीसमोर तरी आवाज चढवायला नको होता. "हल्ली सगळे व्हॉट्सॲपवर फोटो बघूनच पोअर कार्डवर सही करतात," असं तू काँक्रीट ओतायच्या परवानगीच्या कागदाबद्दल म्हणालीस. करत असतील. त्यावर मी जे बोललो ते सोडून दे. जे सांगायचं राहिलं ते लिहितो.

खरं तर लिहायचं होतं ऑफिसबद्दल. 31 मार्चला कुलूप लागेल. ट्रेसिंगच्या गुंडाळ्या, जुन्या फायली, कोपऱ्यातलं ते मोठं टेबल, यातलं काय खारघरला नेतेस ते ठरव. टेबल तुझ्या जिन्यातून वर जाणार नाही, पाय सोडवावे लागतील. पण पेन हातात घेतलं की तुझ्या उलव्याच्या साइटवरचा शनिवारचा स्लॅब समोर येतो, आणि स्लॅबमध्ये त्या चार बाल्कन्या.

खोलीत मुख्य सळई खाली, बाल्कनीत वर. हे तुला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. पण शुक्रवारी संध्याकाळी बांधलेली जाळी शनिवारी दुपारपर्यंत त्याच उंचीवर राहत नाही. पंपाचा पाइप ओढणारे, इलेक्ट्रिशियन, व्हायब्रेटरवाला, सगळे तिच्यावरूनच चालतात. 150 मिलिमीटरचा स्लॅब, सळईवर काँक्रीटचं 30 चं कव्हर, 10 ची सळई, म्हणजे तळापासून सळईच्या मध्यापर्यंतची इफेक्टिव्ह डेप्थ 115. जाळी 30 मिलिमीटर दबली की उरले 85, आणि ताकद पाव हिश्श्याहून जास्त गेली. वरून काढलेल्या फोटोत सगळं जागच्या जागी दिसतं, उंची तेवढी दिसत नाही. माझं भांडण एवढंच होतं.

वरची जाळी उचलून धरणारी चेअर दर मीटरला हवी, आणि ती सळईचीच. विटेचा तुकडा खपवून घेऊ नकोस. बाल्कनी 1.2 मीटरची आहे, तर वरची सळई आत किमान 1.8 गेली पाहिजे. टेप लावून मोज. चालायला फळ्या टाकायला सांग, आणि पोअर चालू असताना बाल्कनीपाशी तूच उभी राहा. सळई बघणं स्ट्रक्चरलवाल्यांचं काम, आपण आर्किटेक्टांनी सन्क म्हणजे बाथरूमचा खाली घेतलेला स्लॅब, पाइपांसाठीच्या स्लीव्ह आणि लिफ्टचा डक्ट बघायचा, हे बरोबर आहे. तरी बघ.

झालं, लेक्चर सुरू झालं. आई म्हणते, मी तुला अजून शाळेत सोडायला निघालोय.

पाण्याचं सांगतो आणि थांबतो. उन्हात मिक्सर अर्धा तास ताटकळला की माल घट्ट होतो आणि कोणीतरी ड्रममध्ये पाइप सोडतं. घनमीटरला 400 किलो सिमेंट, 180 लिटर पाणी, म्हणजे पाणी-सिमेंटचं प्रमाण 0.45. सहा घनमीटरच्या गाडीत 120 लिटर वाढवलं की झालं 0.50. समुद्राच्या हवेत उघड्या राहणाऱ्या आरसीसीला काँक्रीटच्या भारतीय मानकातली, आयएस 456 मधली, मर्यादा 0.45 च आहे. जास्तीचं पाणी उडून गेलं की मागे बारीक वाटा राहतात. त्यांतून खार आत जातो, सळई गंजून फुगते आणि कव्हर फोडते. नवी मुंबईत छज्ज्यांखाली लोंबणाऱ्या सळया तू लोकलमधून पाहिल्या आहेसच. तेव्हा चलनावरची बॅचिंगची, म्हणजे माल कालवल्याची, वेळ वाच. दोन तास उलटलेली गाडी परत पाठव, ठेकेदार कितीही कुरकुरला तरी.

बाल्कनीचे टेकू काढायची घाई करू देऊ नकोस. काढताना बाहेरच्या टोकाकडून भिंतीकडे यायचं. उलट केलं तर भिंत आणि टोकाला उरलेला टेकू यांच्यामध्ये ती खाली वाकते, आणि तिथे खाली मुख्य सळईच नसते. पुन्हा बाल्कनीच. माफ कर.

4 एप्रिल 2013 ला शिळफाट्याला बांधकाम चालू असलेली इमारत पडली, 74 माणसं गेली. ती अनधिकृत होती, तिचा तुझ्या कामाशी काही संबंध नाही, हे मलाही कळतं. पण तू सही म्हणालीस आणि तेच आठवलं.

बेलापूरची आर्टिस्ट्स व्हिलेज वसाहत आठवते? तू दुसरीत होतीस. सात घरांमध्ये एक अंगण, आठ बाय आठ मीटरचं, आणि तू प्रत्येक अंगणात थांबून घरं मोजत होतीस. तिचे आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी एका घराची भिंत दुसऱ्याला लागू दिली नाही, म्हणून ज्याला जमेल तेव्हा त्याने घर वाढवावं. आता कितीतरी घरं ओळखू येत नाहीत. मला त्याचं वाईट वाटतं आणि तुला तेच बरोबर वाटतं. बहुधा तुझंच खरं असावं.

तू डिझाइन केलेल्या जिन्याचं सेक्शन, म्हणजे उभा छेद, काल रात्री काढून बसलो होतो. लँडिंगचा बीम उलटा, म्हणजे स्लॅबच्या वर, घेऊन डोक्यावर 2.2 मीटर मोकळी उंची सोडवलीस. मला ते सुचलं नसतं. हे परवाच सांगायचं होतं, पण मध्येच भाकरी आणि भांडण आलं.

स्टीलची टेप आणि माझी पाणसळ राखाडी पिशवीत ठेवली आहे. पाणसळीचा बुडबुडा किंचित डावीकडे ओढतो, तेवढं धरून चाल. आईने लाडू दिले आहेत, गड्यांनाही दे.

शनिवारी मी येणार नाही, असं आईला कबूल केलंय. ठाण्याहून नेरूळ, तिथे उरणची गाडी, खारकोपरला उतरून रिक्षा. पहिली गाडी मिळाली तर आठच्या आत होतं. सहज पाहिलं.

तुझा,
बाबा