कॅमेरा कुठे आणि कसा, यावर सारे ठरते

संपादक महोदय,

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरचे वेग मोजणारे कॅमेरे म्हणजे निव्वळ वसुली, ही तक्रार अर्धीच खरी आहे. एकाच ठिकाणी वेग टिपणारा कॅमेरा दिसला की चालक करकचून ब्रेक दाबतो आणि पुढे गेल्यावर पुन्हा सुसाट सुटतो. यात मागच्या गाडीची धडक बसण्याचा धोका उलट वाढतो. रस्त्यावर कॅमेरे लावलेल्या दोन कमानींमधला सरासरी वेग मोजला, की ही पळवाट बंद होते. ताशी १०० किमीच्या मर्यादेत १० किमीला ६ मिनिटे लागतात; ५ मिनिटांत पोहोचलेली गाडी १२० च्या सरासरीने धावलेली असते. आणि १२० ला धडकेची ऊर्जा १०० पेक्षा ४४ टक्के जास्त असते!

बोरघाटात मर्यादा खाली येते, तिथे आधीपासून टप्प्याटप्प्याने फलक हवेत. केंद्रीय मोटार वाहन नियम १६७अ नुसार यंत्राच्या मान्यता प्रमाणपत्राचे दरवर्षी नूतनीकरण, कॅमेऱ्याची सूचना देणारा फलक आणि १५ दिवसांत चालानाची नोटीस बंधनकारक आहे. महिन्यांनी आलेल्या दंडाने सवय सुटत नाही. प्रत्येक कॅमेऱ्याच्या प्रमाणपत्राची मुदत आणि तिथले आधीचे व नंतरचे अपघात संकेतस्थळावर जाहीर करावेत.

– एक वाचक, पनवेल