शून्य टक्के म्हणजे फुकट नव्हे

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार,

सध्या रोज फोन येतात, तुमच्या क्रेडिट कार्डाची बाकी आमच्या कार्डावर आणा, तीन महिने व्याज शून्य. आमच्या भाच्याने मागच्या दिवाळीत घेतली ही ऑफर, साठ हजार बाकी होती. घरी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. मग स्टेटमेंट आलं, दोन टक्के प्रोसेसिंग फी म्हणजे १२०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी २१६, झाले १४१६. व्याज शून्यच बरं का!

तरी सौदा वाईट नव्हता हे मी मान्य करतो, कारण जुन्या कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे २१०० रुपये व्याज लागत होतं, वर जीएसटी वेगळा. पण दर महिन्याला २० हजार भरले तरच हिशोब बसतो ना. हा पठ्ठ्या भरत होता फक्त मिनिमम ड्यू, म्हणजे बिलात भरावीच लागणारी किमान रक्कम, आणि त्याच नव्या कार्डावर मांडवीच्या बाजारात जाऊन खरेदीही केली, बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत हे त्याला कोणी सांगितलंच नाही. चौथ्या महिन्यापासून पूर्ण दराने व्याज सुरू.

फोनवर बोलणाऱ्या मुलीने फी किती हे आधी सांगायला काय हरकत होती? जुनं कार्ड मात्र त्याने बंद केलं, तेवढी अक्कल होती.

आपला एक वाचक,
दांडिया बाजार, बडोदा