माकडं हिशेबी आहेत

संपादक महोदय, स.न.वि.वि.

ब्रह्मगिरी, सप्तशृंगगडावर पिशव्या हिसकावणारी माकडं आगाऊ नव्हेत, हिशेबी आहेत. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, पोर्तो रिकोजवळच्या कायो सांतियागो बेटावर, लाल तोंडाच्या माकडांसमोर दोन माणसं द्राक्षं (होय, द्राक्षंच!) घेऊन उभी होती. माकडांनी बहुधा न पाहणाऱ्याचंच द्राक्ष पळवलं. तेव्हा पिशवी पाठीवर नको. पोटाशी धरा, चेन लावा.

हिसकावलेल्या चष्म्याच्या बदल्यात केळं देणं ही मोठी चूक. बालीतल्या उलुवातू मंदिरातली माकडं अशाच सौद्यांतून माणसाला कुठली वस्तू मोलाची ते शिकली. ‘क्वचितच देतो’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं: अधूनमधून मिळणाऱ्या खाऊनेच सवय जास्त चिवट होते. पायऱ्यांवरची चणे-फुटाण्यांची विक्री आधी बंद व्हावी.

– एक वाचक, नाशिक