गाठ दुखत नाही म्हणून थांबू नका

संपादक महोदय,

ऑक्टोबर, म्हणजे ब्रेस्ट कॅन्सर जागृतीचा महिना आला की त्यावर पेपरात गुलाबी पानं निघतात, छानच, पण सुरुवातीची गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही हे कोणी ठळक छापत नाही, आणि बायका नेमकं "दुखत नाही ना, मग कशाला डॉक्टर" म्हणत महिने काढतात. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात हेही खरंय, पण ते तपासून ठरवायचं ना, अंदाजाने कसं? दुसरं म्हणजे "आमच्या घरात कोणाला नाही". डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) म्हणते की निम्म्या केसेसमध्ये बाई असणं आणि वय याशिवाय काही खास कारण सापडतच नाही!

मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेमध्ये, हाताला न लागणारी गाठही दिसू शकते, मात्र स्तन दाट (म्हणजे चरबी कमी, ग्रंथी जास्त) असतील तर फिल्मवर ते पांढरे दिसतात आणि गाठही पांढरीच, त्यामुळे कधीकधी ती सुटते. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला तरी नंतर गाठ लागली, त्वचेला खळी पडली, निप्पल आत ओढलं गेलं किंवा रक्त आलं तर पुन्हा दाखवायचं, डॉक्टर मग सोनोग्राफी, बायोप्सी (गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणं) सांगतील. आणि हो, ०.५ ते १ टक्का केसेस पुरुषांतही असतात, त्यांच्याबद्दलही चार ओळी छापा की कधीतरी.

एक वाचक