रक्तदान शिबिरातून परत पाठवलेल्या मुलींचं पुढे काय?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कॉलेजांच्या हेल्थ वीकच्या बातम्या तुमच्या पेपरात येत असतात, योगा करणारी पोरं, मागे बॅनर, पुढे खुर्च्यांवर पाहुणे. छान वाटतं बघायला. पण त्याच हेल्थ वीकमधली फोटोत न आलेली एक गोष्ट सांगायचीय म्हणून लिहितेय.

माझी मुलगी मुंबई विद्यापीठाच्या एका कॉलेजात एसवायबीकॉमला आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजनेत) आहे. गेल्या वर्षी रक्तदान शिबिर होतं, नुकतीच अठरा पूर्ण झालेली त्यामुळे बाईसाहेब अगदी नटूनथटून गेल्या. बोटाला टोचलं तर हिमोग्लोबिन १०.४, आणि रक्त द्यायला १२.५ तरी लागतं. झालं, परत! "खजूर खा, पालेभाज्या खा" म्हणाले, हातात बिस्किटाचा पुडा दिला. तिच्या ग्रुपमधल्या सात जणींपैकी तिच्यासकट चौघी अशाच परत आल्या.

आता बघा, बायकांमध्ये १२ च्या खाली म्हणजे ॲनिमिया. म्हणजे कुठल्या मुलींच्या अंगात रक्त कमी आहे याची यादी कॉलेजला त्या दिवशी आयती मिळाली होती, वेगळा सर्व्हे नको की खर्च नको. ती गेली कुठे? किती पिशव्या रक्त जमलं ते दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर लागलं, किती मुली परत गेल्या ते कुणी मोजलंसुद्धा नाही. आम्ही आपल्या फॅमिली डॉक्टरांकडे नेलं, लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, तीन महिन्यांनी ११.८ वर आली. बाकीच्या तिघींपैकी दोघींनी तर घरी सांगितलंच नव्हतं.

शिबिरं नकोत असं अजिबात म्हणत नाहीये. मे महिन्यात कॉलेजं बंद झाली की मुंबईत रक्ताचा तुटवडा पडतो, थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या लेकरांना दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच आणि रक्त काही लोणच्यासारखं भरून ठेवता येत नाही, लाल पेशी फार तर ३५ ते ४२ दिवस टिकतात. शहराला एवढा आधार देणाऱ्या पोरींचं स्वतःचं रक्त कुणी बघायचं?

आणि ते कमी का होतं तेही बघा ना. पोरगी सकाळी मुलुंडहून उपाशीपोटी लोकल पकडते, कॅन्टीनमध्ये समोसा नाहीतर मंच्युरियन, त्यावर लगेच कटिंग. चहाने जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही हे मलाही डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. जंक फूड बंद करा असं यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) कॉलेजांना २०१८ मध्ये कळवलंय, पण आमच्याकडे मटकीची उसळ फक्त हेल्थ वीकपुरती येते, सोमवारी पुन्हा शेजवान! रक्ताशी याचा संबंध नाही, पण पाण्याची बाटलीसुद्धा जशी भरून नेली तशी घरी येते, कारण बाथरूमला कडी नाही, म्हणून पोरी पाणीच पीत नाहीत. आणि हीच पोरं एनएसएसतर्फे वस्तीत जाऊन स्वच्छतेवर पथनाट्य करतात, करतातही मन लावून, मी बघितलंय.

एनएसएसच्या मुलांना वर्षाला १२० तास काम करायचं असतं. त्यातले थोडे तास परत पाठवलेल्या मुलींची आठवण ठेवायला लावा. नावं बोर्डावर लावू नका, गुपचूप फोन करा, गोळ्या चालू आहेत का विचारा, तीन महिन्यांनी कॉलेजातच परत हिमोग्लोबिन तपासा. वस्तीतल्या बायकांसाठीही हेच करता येईल, पथनाट्याच्या दिवशीच.

यंदाचं शिबिर पुढच्या महिन्यात आहे. लेकीने गोळीबरोबर लिंबूपाणी सुरू केलंय, १२.५ चा हट्टच धरलाय. घरी न सांगितलेल्या त्या दोघींपैकी एकीच्या आईला मी काल फोन केला, शनिवारी दोघी मायलेकी आमच्या डॉक्टरांकडे येतायत.

— एक पालक, मुलुंड (पूर्व), मुंबई