हीटर बंद करू नकोस, फटी बुजव

प्रिय सोनू,

काल फोनवर तू म्हणालास ना की बिल बघून हीटरच बंद ठेवलाय आणि दोन-दोन स्वेटर घालून बसतोय, ते ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाहीये. असली बचत नको रे बाबा. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा थंडीत घरात निदान १८ अंश तरी ठेवा म्हणते, आणि घर फार गार पडलं की भिंतींना ओल धरते, बुरशी येते आणि मग खोकला काही पिच्छा सोडत नाही.

आधी उष्णता जातेय कुठून ते शोध. वारं असेल त्या दिवशी टिश्यू पेपरची बारीक पट्टी धरून खिडकीच्या चौकटीकडेने, दाराच्या खालून सावकाश फिरव, जिथे पट्टी फडफडेल तिथे फट आहे असं समज. खिडकीला फोमची चिकटपट्टी लाव, दाराखाली जाड कापडाची गुंडाळी सरकव, भाड्याच्या घरातही एवढं करता येतं. फक्त हवेसाठी ठेवलेली जाळी कधीही बुजवू नकोस, गॅसचा हीटर असेल तर अजिबातच नाही, त्यातून निघू शकणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना वास ना रंग, माणसाला कळतसुद्धा नाही. त्याचा अलार्म घरात आहे का ते मला आजच कळव.

ऊन येतं त्या बाजूचे पडदे दिवसा उघडे ठेव आणि अंधार पडला की सगळे ओढून घे, पण रेडिएटरवर, म्हणजे खोली तापवणाऱ्या त्या भिंतीवरच्या गरम पाण्याच्या पत्र्यावर, पडदा लोंबायला नको आणि सोफाही त्याला चिकटवून ठेवू नकोस, नाहीतर सगळी ऊब सोफ्यालाच. रेडिएटर खाली गरम आणि वर गार लागत असेल तर आत हवा अडकलीय, हीटिंग बंद करून, तो गार झाल्यावर रेडिएटरच्या किल्लीने ती हवा सोडायची.

आणि थर्मोस्टॅट, म्हणजे किती अंश हवेत ते ठरवायचं बटण, एकदम २८ वर नेला म्हणून खोली लवकर तापत नाही, ती नेहमीच्याच वेगाने तापते, फक्त नंतर बंद करायचं आपण विसरतो आणि बिल वाढतं. झोपताना दोनेक अंश खाली आण, पांघरूण असतंच की. कमी विजेत जास्त ऊब देणारा म्हणून नवा हीटर मात्र घेऊ नकोस, ऑइलचा असो नाहीतर पंख्याचा, विजेच्या एका युनिटला एका युनिटचीच उष्णता मिळते. २००० वॅटचा सलग पाच तास चालला की १० युनिट गेलेच.

रविवारी व्हिडिओ कॉल कर आणि खिडक्या दाखव मला, कुठे काय लावायचं ते दोघं मिळून बघू.

तुझी आई